बावीस मिलिमीटरचा माणूस

"नीट टेकून बस. दार ओढून घे," आर्गिरिस जमिनीवरून म्हणाला.

"ओढलं. आता मला बाहेर काढायला बंदरावरची क्रेन सांगून ठेव," आतून झिसिस म्हणाला.

आर्गिरिस हसला. पुढच्या डाव्या चाकाशी तो गार सिमेंटवर कुशीवर पडला होता आणि टायर नि मडगार्डच्या कडेमधल्या फटीत स्टीलची पट्टी धरून एका डोळ्यानं आकडा वाचत होता. एक आकडा त्यानं झिसिस बसण्याआधी घेतला होता, दुसरा आत्ता. दोन्हींची वजाबाकी सतरा आली. त्यानं पट्टी बाहीला पुसली आणि पुन्हा लावली. पुन्हा सतराच.

पडल्या पडल्याच त्यानं वही उघडून मागची पानं चाळली. हीच गाडी, ह्याच स्प्रिंगा, गेल्या वर्षीचा एप्रिल. झिसिस बसल्यावर गाडी खाली गेली बावीस मिलिमीटर. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

ग्रीसमधल्या व्होलोस गावात आर्गिरिसचं टायरचं दुकान एकतीस वर्षांचं. गावाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. त्यामुळे ज्याच्या हातात चार पैसे आणि अंगात थोडी मस्ती, तो एखादी जुनी स्पोर्ट्स गाडी घेई, तिचं इंजिन उघडून बसे आणि मग डोंगराच्या वळणांवर ती पळवण्यासाठी रुंद चाकं मागायला आर्गिरिसकडे येई. चाक किती रुंद घ्यायचं, ते आत किती दडवायचं नि बाहेर किती काढायचं, त्यावर टायर कुठला चढवायचा, ह्यावर आर्गिरिस तासन्‌तास बोलू शकत असे. चाक आत गेलं तर स्प्रिंगला घासतं, बाहेर आलं तर मडगार्डला. मधल्या चार बोटांच्या जागेत सगळी अक्कल. ह्या चार बोटांपलीकडच्या जगाबद्दल आर्गिरिसला फारसं कळत नाही, असं त्याची बायको एव्हांथिया म्हणत असे, आणि तो ते हसण्यावारी नेत असे.

बाकीचे दुकानदार तक्ते बघून सांगत. आर्गिरिस झिसिसला बसवून सांगे. डोंगराच्या वळणावर गाडी कलंडते तेव्हा बाहेरच्या चाकावर जो भार येतो, तो म्हणजे डिकीत चार गोणी वाळू आणि चालकाच्या जागी, म्हणजे तिकडे डावीकडे, झिसिस, असा त्याचा हिशेब होता. झिसिस बसल्यावरही टायर आणि मडगार्डमध्ये एक बोट जात असेल तर ते चाक कुठल्याही वळणावर घासणार नाही. एकतीस वर्षांत हे गणित एकदाही चुकलं नव्हतं. लोक म्हणत, माणसाऐवजी आणखी गोण्या का नाही ठेवत? आर्गिरिस म्हणे, गोणी सरकून बसत नाही, गोणी हसत नाही. खरं कारण असं की, मोजमाप झालं की दोघं कोपऱ्यावर द्राक्षांची त्सिपुरो प्यायला जात, आणि गोणीबरोबर कोण पिणार?

झिसिसची टपरी दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. वर्तमानपत्रं, सिगरेटी, पाण्याच्या बाटल्या, गोळ्या-बिस्किटं, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एक चौकोनी खिडकी, तिच्यात झिसिसचा चेहरा. सकाळी सहापासून तो तिथे असे. आर्गिरिसच्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावरच्या फुलांच्या मुकुटांची अदलाबदल त्यानंच केली होती आणि पुढे आर्गिरिसच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनही त्यानंच उचललं होतं. त्यामुळे दोघं एकमेकांना नावानं कमी आणि 'कुंबारे' म्हणूनच जास्त हाक मारत. तिकडे हे नातं सख्ख्या भावाच्याही वर धरतात. झिसिसचं वजन एकशे दहा किलो. दर नववर्षाला दोघं मासळीबाजारात जात आणि झिसिस माशांच्या मोठ्या काट्यावर उभा राहून ते सगळ्यांसमोर मोजून घेई. कोळी टाळ्या पिटत. यंदा तो आला नव्हता. गुडघा दुखतोय म्हणाला होता.

आज गाडी होती देस्पिनाची. निळी, दोन आसनांची, जपानी. देस्पिना आसपासच्या खेड्यांतून मेंढ्या-बकऱ्यांची डॉक्टर म्हणून फिरत असे आणि वर्षातून चार वेळा हीच गाडी घेऊन डोंगरचढाईच्या शर्यतीत उतरे. गेल्या वर्षी तिचा तिसरा नंबर अर्ध्या सेकंदानं हुकला होता. ह्या वर्षी तिला पुढे दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचा टायर हवा होता. शेजारच्या लारिसा शहरातल्या मोठ्या दुकानानं तिला सांगितलं होतं, दोनशे पंचेचाळीसच्या वर जाऊ नका, डाव्या-उजव्या वळणाला घासेल. आर्गिरिस म्हणाला होता, बघू.

तो 'बघू' नुसता नव्हता. लारिसावाल्यांचं नाव निघालं की आर्गिरिस हातातला पाना खाली ठेवी. त्यांच्याकडे संगणक होते, काचेची कॉफीची खोली होती. त्यांनी नाही म्हटलेलं चाक आपण बसवून दाखवावं, ही इच्छा त्याला आठवडाभर झोपू देत नव्हती. गाडी बावीस मिलिमीटर खाली जात असेल तर लारिसावाल्यांचं बरोबर होतं. सतराच जात असेल तर बोट आत जात होतं आणि आर्गिरिसचं बरोबर होतं.

वर्षभरात स्प्रिंग मऊ पडते, कडक होत नाही. हे त्याच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पट्टी तीच, जमीन तीच, गोण्या त्याच. उरलं काय, ते त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर चालकाच्या जागी बसलं होतं आणि क्रेनचा विनोद करून गप्प झालं होतं.

"बसतंय का, मिस्त्री?" दाराशी उभ्या असलेल्या देस्पिनानं विचारलं.

प्रश्न ओठांवर होता. झिसिस, तू बारीक झालास का रे, एवढाच. पण तो विचारला असता तर सतराचे बावीस करावे लागले असते.

"बसतंय," आर्गिरिस म्हणाला. "दोनशे पंचावन्न मागवा. मडगार्डची आतली कड मी जरा वळवून देतो."

झिसिस स्वतःच बाहेर आला. एरवी त्या खोल सीटमधून त्याला काढायला दोघं लागत आणि त्यावर दहा मिनिटं हसणं होई. ह्या खेपेला तो दाराला धरून उठला आणि कोटाची बटणं लावत उभा राहिला. "ईस्टरचे उपास धरलेत यंदा," तो आपणहून म्हणाला. "चाळीस दिवस. म्हटलं, म्हातारपणी देवाशी जरा बरं असावं." एकतीस वर्षांत गुड फ्रायडेलासुद्धा सॉसेज खाणारा माणूस हा. आर्गिरिसनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, उपास मानवला तुला. हातात कोटाचं कापडच जास्त आलं, हे त्याला जाणवलं होतं. नंतर त्यानं स्वतःला कितीही समजावलं तरी जाणवलं होतंच.

कोपऱ्यावर त्सिपुरोबरोबर भाजलेला ऑक्टोपस आला, तिकडच्या उपासाला चालणारा. झिसिसनं एक तुकडा बराच वेळ काट्याला टोचून ठेवला आणि मग बशी आर्गिरिसकडे सरकवली. दोघांच्या वाटचं आर्गिरिसनंच खाल्लं, आणि लारिसावाल्यांना कशी चपराक बसेल ह्यावर तासभर बोलला. झिसिस ऐकत होता, मधूनमधून त्याच्याकडे बघत होता. काहीतरी सांगायचं असल्यासारखा तो दोनदा पुढे वाकला. दोन्ही वेळा आर्गिरिसचं बोलणं संपलेलं नव्हतं.

शर्यत ईस्टरनंतरच्या रविवारी होती. आर्गिरिस पाचव्या वळणावर दगडी कठड्याला टेकून उभा राहिला, मुद्दाम, कारण सगळ्यात जास्त भार तिथे यायचा. निळी गाडी दिसण्याआधी त्याला तिचा आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजात दुसरा आवाज होता, रबर लोखंडाला घासल्याचा. वळण निम्मं झालं तेव्हा डाव्या चाकातून धूर निघाला. देस्पिनानं गाडी आवरली, कठड्याच्या हातभर अलीकडे उभी केली, हेल्मेट काढलं आणि खाली उतरून चाकाकडे बघत राहिली. टायरचा खांदा धाग्यांपर्यंत कापला गेला होता. आणखी दोन वळणं ती गेली असती तर तो फुटला असता, आणि सातव्या वळणाला कठडा नाही. आर्गिरिसनं छातीवर तीनदा क्रॉसची खूण केली.  ती त्याला रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला परतीच्या वाटेवर सारखं वाटत होतं.

सोमवारी गाडी दुकानात आली. आर्गिरिसनं सकाळपासून एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. त्यानं स्प्रिंगा काढून दाबयंत्रावर तपासल्या. जशाच्या तशा होत्या. जमिनीवर पाण्याची नळी लावून पातळी बघितली. ती सरळ होती. मग त्यानं स्प्रिंगा परत चढवल्या, झिसिसच्या जागी पंचवीस किलोच्या चार गोण्या रचल्या, वर दहा किलो बोल्टांची बादली ठेवली आणि पट्टी लावली. बावीस. त्यानं एक गोणी उचलून खाली ठेवली आणि परत आडवा झाला. सतरा.

तो उठला नाही. जमिनीवर बसल्या बसल्याच त्या एका गोणीकडे बघत राहिला. लठ्ठ, भरलेली, तोंड सुतळीनं बांधलेली. झिसिसमधून एवढं गेलं होतं. कोणाच्या डोळ्यांसमोर, तर मिलिमीटर मोजून पोट भरणाऱ्या माणसाच्या.

देस्पिना उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून हे सगळं पाहत होती. "मिस्त्री, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी ते गाडीतून उतरले तेव्हा मी त्यांची मान बघितली. कॉलरमध्ये मूठ जाईल एवढी जागा. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. एखादी मेंढी अशी दिसली तर मी त्याच दिवशी मालकाला सांगते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्यांचे कुंबारे," ती म्हणाली. "मी परकी. म्हटलं, घरात बोलणं झालं असेल, मी कशाला तोंड घालू?"

 घरात बोलणं खरंच झालं होतं, ते आर्गिरिसला आत्ता आठवलं. झिसिसची बायको मारिगो चार वर्षांपूर्वी आजारानं गेली, मुलगी जर्मनीत. तेव्हापासून रविवारचं जेवण तो आर्गिरिसकडे जेवत असे. जानेवारीपासून त्याचं येणं बंद झालं. एव्हांथियानं दोनदा विचारलं होतं, अरे, झिसिस का येत नाही? आर्गिरिसनं दोन्ही वेळा सांगितलं होतं की टपरीवर गर्दी असते. रविवारी टपरीवर कसली गर्दी? त्यालाही ठाऊक होतं की नसते. पण शर्यतीचा मोसम तोंडावर होता, दुकानात चाकांचे ढीग पडले होते, आणि झिसिसची खिडकी रोज सकाळी उघडत होती. खिडकीतला चेहरा तसाच तर होता. दाढी वाढवली होती त्यानं, एवढंच.

त्यानं रस्ता ओलांडला.  खिडकीपाशी जाऊन तो कालच्या फुटबॉल सामन्याबद्दल बोलला. मग हवेबद्दल बोलला. दाढीखाली गालाची हाडं होती, ती दाढी नसती तर कोणालाही दिसली असती. झिसिस सुटे पैसे मोजून एका बाईला देत होता आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं.

"ऐकलं मी," बाई गेल्यावर झिसिस म्हणाला. "पोरीची गाडी घासली म्हणे. माझ्यामुळे का रे?"

हीच ती वेळ होती. तो स्वतः दार उघडून उभा होता.

"छे रे," आर्गिरिस म्हणाला. "माझ्याच मोजण्यात काहीतरी चूक झाली. उद्या सकाळी येशील का? परत एकदा बसून बघू."

झिसिसनं सुट्या पैशांचा डबा बंद केला. मग मान हलवून म्हणाला, येतो.

परत येताना आर्गिरिसनं मनाची समजूत घातली की उद्या आकडा दोघांच्या समोर असेल, मग बोलणं आपोआप निघेल. पण त्याची त्यालाच लाज वाटत होती. जे तोंडानं विचारायचं ते त्यानं पुन्हा स्टीलच्या पट्टीवर ढकललं होतं. दुसरा कोणी असं वागला असता तर आर्गिरिसनं त्याला भित्रा म्हटलं असतं. रात्री त्यानं एव्हांथियाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. आपल्या पानातलं त्याच्या पानात वाढून ती आत निघून गेली.

सकाळी झिसिस आला तो हिवाळ्यातला जाड कोट घालून. मे महिना लागला होता, देस्पिना बिनबाह्यांच्या झग्यात होती. रस्ता ओलांडताना तो मधल्या दुभाजकावर थांबला, गाड्या जाऊ देत असल्यासारखा. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मग उरलेला अर्धा रस्ता पाय ओढत आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"काय कुंबारे, आज माझी वट दाखवायची ना?" तो म्हणाला. कपाळावर घाम होता.

"बस," आर्गिरिस म्हणाला.

झिसिस बसला, तेव्हा गाडी खरंच खाली गेली. डोळ्यांनी दिसेल एवढी गेली. आर्गिरिस कुशीवर आडवा झाला आणि त्यानं पट्टी लावली. वीस.

एका क्षणापुरता, अगदी एका क्षणापुरता, त्याला आनंद झाला. म्हणजे झिसिस ठीक आहे, सगळं माझ्याच डोक्यातलं होतं. ह्या क्षणाबद्दल तो पुढे कोणाजवळही कधी बोलला नाही.

"किती?" वरून आवाज आला.

"वीस."

"बघ. दोन उपासानं खाल्ले. म्हणजे त्या दिवशी चूक तुझ्या पट्टीची," झिसिस म्हणाला. त्याला दम लागला होता.

आर्गिरिस गुडघ्यांवर उठून बसला. दार उघडं होतं आणि कोटाचा एक पदर सीटवरून बाहेर लोंबत होता, सरळ खाली, ताणलेला. आर्गिरिसनं त्या कोटाच्या खिशात हात घातला. हाताला गार, गुळगुळीत शिसं लागलं. तरुणपणी झिसिस समुद्रात बुडी मारून ऑक्टोपस धरत असे, तेव्हाचे कमरेला बांधायचे शिशाचे तुकडे. त्यानं एक काढून जमिनीवर ठेवला. दुसरा काढला. झिसिस हलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता, गाडी चालवत असल्यासारखा. डाव्या खिशातून पाच निघाले, उजव्यातून पाच, आतल्या खिशातून दोन.

"हात वर कर," आर्गिरिस म्हणाला.

झिसिसनं हात वर केले. आर्गिरिसनं कोट उघडला. आत सदरा, सदऱ्यावर पट्टा, पट्ट्याला आणखी आठ. पट्ट्याला नवीन भोकं पाडलेली होती आणि तरी तो सैल होता. बक्कल सोडताना आर्गिरिसच्या बोटांना झिसिसच्या बरगड्या लागल्या, एकेक वेगळी. देस्पिना पाठ फिरवून फळीवरचे पाने-पकडी नीट लावू लागली.

शिशाचा ढीग चाकाशेजारी जमला. आर्गिरिस परत कुशीवर आडवा झाला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं. मडगार्ड टायरपासून वर सरकलं होतं. त्यानं पट्टी लावली आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"किती?" झिसिसनं विचारलं.

"सोळा."

"आणि त्या दिवशी?"

"सतरा."

"तेव्हा तू वाचला होतास आकडा."

"हो."

"बरोबर वाचला होतास."

"हो," आर्गिरिस म्हणाला. "दोनदा."

 बाहेर टपरीच्या खिडकीवर कोणीतरी नाण्यानं टकटक करत होतं.

"मी त्याच्यासाठीच आलो होतो रे त्या दिवशी," झिसिस म्हणाला. आवाजात राग नव्हता, राग असता तर आर्गिरिसला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती. "मला सांगता येत नव्हतं. सप्टेंबरपासून अन्न जात नाही. डॉक्टरकडे जायचं तर तो काय म्हणेल ह्याची भीती. मारिगोच्या वेळी ऐकलंय ना सगळं. म्हटलं, हा पट्टी लावतोय, आता ह्याला कळेल, आता हा विचारेल. तू वर बघितलंस आणि म्हणालास, बसतंय."

"कुंबारे," आर्गिरिस म्हणाला.

"मग मला वाटलं, ह्याला नकोच असेल कळायला. काल आलास, परत मोजायचं म्हणालास. म्हटलं, ह्याला बावीस हवेत तर बावीस देऊ. जेवढं उचलवलं तेवढं आणलं." तो किंचित हसला. "दोन कमी पडले."

आर्गिरिस जमिनीवरच होता. त्याला वाटत होतं की काहीतरी बोलायला हवं, निदान माफ कर एवढं तरी, आणि त्याच वेळी वाटत होतं की तो शब्दही आपल्यालाच हलकं करायला आहे, झिसिसच्या कामाचा नाही. तो उठला. त्यानं दोन्ही हात झिसिसच्या काखेत घातले आणि त्याला सीटमधून उचललं. क्रेनचा विनोद कोणीच केला नाही. एकतीस वर्षं दोघा-तिघांनी ओढून काढलेला माणूस त्याच्या एकट्याच्या हातात सहज वर आला, आणि उभा राहिल्यावरही आर्गिरिसनं हात काढले नाहीत.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"इस्पितळात. आत्ता."

"दुकान?"

"बंद."

"आणि माझी टपरी? गिऱ्हाईक टकटक करतंय बघ."

"मी बसते," देस्पिना म्हणाली. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "सिगरेटींचे भाव लिहिलेले आहेत ना?" झिसिसनं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि सांगितलं की खोकल्याच्या गोळ्या उजव्या कप्प्यात आहेत, आणि साडेदहाला एक म्हातारे गृहस्थ येतात, त्यांना न विचारता क्रीडापत्र द्यायचं. ती मान हलवत रस्ता ओलांडून गेली. तिची गाडी तशीच राहिली, चार गोणी वाळू डिकीत, चाकाशेजारी शिशाचा ढीग.

आर्गिरिसनं आपली जुनी व्हॅन दारात आणली. झिसिसला शेजारच्या जागेवर बसवलं, कोट काढून त्याच्या मांडीवर ठेवला, फिरून आपल्या बाजूला आला आणि आत बसला. ह्या व्हॅनच्या सीटचा पट्टा आखूड होता. झिसिसला तो कधीच पुरत नसे. पोलिस दिसला की तो पट्टा नुसता हातानं ओढून छातीवर धरून बसे आणि पोलिसाला सलाम ठोके. आजही त्यानं सवयीनं तो ओढला, मग थांबला, खाली बघितलं आणि पुढे नेला. पट्टा पोटावरून आरामात गेला, वर हातभर उरला, आणि खटकन बसला.

दोघांनीही तो आवाज ऐकला. आर्गिरिसनं आरशात मागचा रस्ता बघितला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.